आवारातलं सिमेंटचं झाड

रवि., २ मार्च २०२५, सिंगापूर
लिफ्टजवळ नोटीस लागली. ऑगस्टअखेर कॉन्डो रिकामा करायचा. पाडून नवा बांधणार. विकायला सह्या आपणच केल्या होत्या, तरी भिंतीवर चिकटलेला कागद वेगळा. श्री चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ वाचत राहिला. म्हणाला, "स्पेलिंग सगळी बरोबर आहेत." हे त्याचं दुःख.
खाली उतरले. पोहण्याच्या तलावामागे आंद्राशचं झाड. सिमेंटचं, दोन पुरुष उंच, फांदी एकही नाही, टोकाला फक्त एक फूल. पितळी पाटीवर इंग्रजीत एकच शब्द: झाड. त्याखाली त्याचं नाव. पाटी कोणी पुसत नाही, तरी नाव चमकतं. मुलं हात लावत असतील.
याचं काय होणार, असं नोटिशीत नाही.

मंगळ., ४ मार्च
श्रीला विचारलं. "पाडतील. क्रेन येईल, पडेल." जुरोंग आयलंडवर रोज टाक्या आणि पाइप उभे-आडवे होताना पाहणारा माणूस. उभं असलेलं काहीही त्याला तात्पुरतं वाटतं. पास गळ्यात अडकवून कंपनीच्या बसला गेला.

रवि., ९ मार्च
आंद्राशकडे. (यापुढे आं. लिहिणार. एवढं लांब नाव रोजनिशीत नको, असं तोच एकदा म्हणाला होता.) वृद्धाश्रमाचा तिसरा मजला, खिडकीतून एक्स्प्रेसवे. बायको, मे लिंग, गेली आणि वर्षभरात गुडघेही गेले, तेव्हापासून इथे. त्याआधी आमच्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर. स्वतःच्या शिल्पासमोर फ्लॅट घेऊन राहिलेला शिल्पकार मी दुसरा पाहिला नाही. लोक म्हणायचे, अहंकार.
नोटिशीचं सांगितलं. त्याने आधी विचारलं, "पाडणारे कुठले?"
"माहीत नाही. बांगलादेशी असतील."
"उभारणारे तमिळ होते. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याच सावलीत झोपायचे." मग, "तुम्ही आज लोणचं नाही आणलं."
हात अजून मोठेच. माणूस आत बारीक झालाय आणि हात मापाचे राहिलेत.

शनि., २२ मार्च
त्याची कामं बघायला निघालो. कल्पना आमच्या ईराची. पोर वन-नॉर्थला दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते, पण अंकलसाठी शनिवार दिला. व्हीलचेअर घेणारी टॅक्सी तिनेच शोधली.
पहिला मुक्काम जुन्या वसाहतीतल्या खेळाच्या मैदानातला पाणघोडा. आहे! नाक गुळगुळीत, पाठ काळी. एक आजी नातवाला त्यावर बसवून भात भरवत होती. आं. खुर्चीतून वाकला, पाणघोड्याच्या पोटाखाली हात घातला, बोटं फिरवली. "हा जोड मला साधला नव्हता. अजून साधलेला नाही."
दुसरा मुक्काम पाया लेबार भागात. तिथल्या भिंतीवर त्याचं उठावाचं काम होतं: बाजाराला निघालेल्या बायका. भिंतही नाही. मॉल आहे. आत गेलो. तो मान वर करून गारवा घेत बसला. "एअरकॉन चांगला आहे," म्हणाला. थट्टा करत नव्हता.
तिसरं कारंजं. त्याची जागा त्यालाच सापडली नाही.
हॉकर सेंटरला थांबलो. त्याला नेहमीप्रमाणे काळी कॉफी, बिनसाखरेची. कॉफीवाल्याला मलयमध्ये काहीतरी बोलला, दोघं हसले. ईरा म्हणाली, "अंकल, यू मोर सिंगापोरियन दॅन मी लाह." तो म्हणाला, "मी आधी आलो."
हंगेरीतून लहानपणी बाहेर पडला. व्हिएन्ना, मग ऑस्ट्रेलियात बांधकामावर, मग इथे. याहून जास्त कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. इथे प्रत्येक जण कुठून तरी आलेला. विचारायला लागलं तर संपायचं नाही.

रवि., २३ मार्च
काल परतताना टॅक्सी आमच्या आवारातून नेली. तो झाडाकडे बघत राहिला. उतरला नाही.
मला पहिली वटपौर्णिमा आठवली. आमची नव्हे, बाकीच्या बायकांची. मी तेव्हाही बांधत नव्हते. पुण्यात कॉलेजवर शिकवताना सोडलं ते सोडलं. पार्कातल्या वडाला दोरा गुंडाळला तर माळी दुसऱ्या दिवशी कापून टाकायचा. त्याचं बरोबरच होतं. मग ब्लॉकमधल्या मंदाताईंनी पितळी पाटी वाचली. "झाड म्हणतोय ना? मग झालं. आपण कुठे पानं मोजायला आलोय!" आणि नथी घातलेल्या बायका सिमेंटला दोरा गुंडाळत फिरल्या. हळद, कुंकू, आंबे. पहारेकरी टोपी काढून उभा राहिला, त्याला वाटलं अंत्यविधी आहे.
चौथ्या मजल्यावर खिडकीत आं. मला वाटलं, आता हा खाली येऊन ओरडणार. आला नाही. दुसऱ्या दिवशी सफाईवाल्याने पाण्याचा फवारा लावला, तेव्हा मात्र धावत उतरला. "दोरा राहू दे. लालही राहू दे."
तेव्हापासून दर वर्षी. हाताच्या उंचीवर सिमेंट आता कायमचं गुलाबी आहे. गवतात पायांचं गोल कडं पडलंय.

शनि., ५ एप्रिल
क्लबहाउसमध्ये बैठक. नव्या बिल्डरची मिस लिम आली होती. चुणचुणीत, पायात कॅनव्हासचे बूट. जुन्या आवारातली एक वस्तू नव्या बागेत ठेवायचा विचार आहे. रहिवाशांनी सुचवावी. सोबत शंभरेक शब्द: काय आहे, अर्थ काय, का ठेवावी. त्यावर त्यांची कमिटी ठरवणार.
कोणी बार्बेक्यूची जागा म्हणालं. मंदाताई उठून उभ्या राहिल्या. ऐंशीच्या घरात, अंबाडा, पायांत क्रॉक्स. मराठी-हिंदी-इंग्रजी एकत्र: "दॅट ट्री. दुसरा कुछ नहीं. आमची पूजा आहे त्याची."
मिस लिमने विचारलं, लिहील कोण?
मंदाताईंचं बोट माझ्याकडे. "ही लिहील. हिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिहिण्यात चुका काढल्यात. आता हिला लिहू दे."

गुरु., १० एप्रिल
लिहिलं. जीवन, छाया, मुळं, स्थलांतरित, एकोपा. वाचून लाज वाटली. विशेषणं काढली. काहीच उरलं नाही.

रवि., १३ एप्रिल
आं.ला मसुदा वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाला, "इंग्रजी छान आहे. पण ते झाड नाही."
मग सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्याला ऐकलं नव्हतं. जमेल तसं उतरवते.
त्याच्या आईच्या डोंगराळ गावाकडे काही कबरींच्या उशाला दगड नसतो. कोरलेला लाकडी खांब असतो. कोप्याफा म्हणतात. वरच्या टोकावरून कळतं कोण आहे: बाईसाठी ट्युलिप, पुरुषासाठी तारा. खाली खाचा, गाठी, त्याचं आयुष्य.
त्याला एक मोठा भाऊ होता. लाची. घर सोडून निघाले तेव्हा लाची मागे राहिला, दोन दिवसांत येतो म्हणून. आला नाही. मेल्याचं पुढे कळलं. कुठे पुरलं ते कोणी सांगितलं नाही. आई विचारत राहिली आणि ऑस्ट्रेलियात वारली.
"इथल्या बिल्डरला झाड हवं होतं. मी म्हटलं, देतो."
साचा लाकडाचा केला, पटाशीने आतून कोरला. साच्यात सगळं उलटं. खाच हवी तिथे उंचवटा ठेवायचा, उंचवटा हवा तिथे खणायचं. "भावाला आतून कोरलं," म्हणाला. सिमेंट ओतलं. म्हणून त्याच्यावर लाकडाच्या रेषा आहेत. मी त्या साल समजत होते.
वरचं फूल फूल नाही. तारा आहे.
मी विचारलं, "आणि दर वर्षी आमच्या बायका..."
"वरून बघायचो."
"सांगितलं का नाहीत?"
पाणी प्यायला. "आमच्यातलं कोणी कधी लाचीकडे गेलं नाही. जायला जागाच नव्हती. आणि इथे रेशमी साड्या नेसून इतक्या बायका त्याच्याभोवती फिरतात. उपाशी पोटी. नवऱ्यांसाठी का असेना. मी कोण थांबवणारा?"
निघताना मसुदा माझ्या हातात परत दिला. "एक खोटं माझं आहे, पाटीवर. दुसरं लिहू नका."

सोम., १४ एप्रिल
म्हणजे नवऱ्याला आयुष्य लाभावं म्हणून या सगळ्या जणी थडग्याच्या खांबाला दोरा बांधत होत्या.
श्रीला सांगितलं. तो जेवायचा थांबला. "तू तर कधी बांधलाच नाहीस."
"नाही."
"मग मी आपल्याच जिवावर जगलो." पुन्हा जेवू लागला. थोड्या वेळाने, "मंदाताईंना सांगू नकोस. दोरे बांधूनही अप्पा गेले त्यांचे."

शनि., १९ एप्रिल
ईरा: "मा, जस्ट राइट ट्री लाह. हू विल चेक?"
कोणीच नाही तपासणार. झाड लिहिलं तर राहील, त्यावर दिव्याच्या माळा सोडतील. खरं लिहिलं तर कोण ठेवणार? नव्या फ्लॅटच्या खिडकीखाली कबरीचा खांब. इथे लोक घराचा नंबर चार असला तर घर घेत नाहीत, चिनीत चार आणि मरण यांचा उच्चार सारखा.
आणि आं.ने मागितलंय ते एकच.

रवि., ४ मे
मिस लिमचा फोन. मजकूर कधी? मी सहज विचारल्यासारखं विचारलं, स्मृतिचिन्ह वगैरे असेल तर?
"कोणाचं? मेलेल्या माणसाचं?"
"समजा."
"आयो, आंटी, प्लीज. खरेदीला येणारे लोक फार पँटाँग असतात. असलं काही अपशकुनी दिसलं की परत जातात. झाड छान आहे. झाडच ठेवा ना."
मुलगी वाईट नाही. तिलाही झाड वाचवायचंच आहे.

मंगळ., ६ मे
सामान आवरायला काढलं. आम्ही पुण्याला परत. श्रीची निवृत्ती आहे. ईरा इथेच. तिच्या लहानपणीच्या फोटोंत बऱ्याच ठिकाणी मागे तो खांब. तिसऱ्या वाढदिवसाला त्याला टेकून रडतेय. सायकलसकट त्याच्यावर आदळलेली. एका फोटोत मे लिंग संत्रं सोलून तिला देतेय, आं. पाठमोरा, हात खांबावर. खांद्यावर टाकावा तसा. हे मी तेव्हा पाहिलं नव्हतं. फोटो मीच काढलाय.

रवि., १८ मे
मंदाताईंना सांगितलं. सांगायचं नव्हतं. त्या वटपौर्णिमेच्या आंब्यांचं विचारायला आल्या. या वर्षी शेवटची, म्हणून जोरात करायची. मला ऐकवेना.
सगळं सांगितलं. लाची, खांब, तारा. त्या ओट्याला टेकून ऐकत राहिल्या. हातात वाटी तशीच. अप्पांना जाऊन सहा वर्षं झाली. त्या वर्षीही मंदाताईंनी दोरा बांधला होता, उपास कडक केला होता. मला वाटलं, आता वाटी पडेल.
म्हणाल्या, "सावित्रीने कुठे मागितलं गं?"
मी गॅस बारीक केला.
"सत्यवान मेला तिथेच ना? त्याचं डोकं मांडीवर घेऊन. यमाच्या तोंडावर मागितलं. हिरव्यागार झाडाखाली पिकनिकला नव्हती गेली ती. मग आपण योग्य जागीच उभ्या होतो की." वाटी खाली ठेवली. "अप्पा गेले ते त्यांच्या सिगरेटींनी. खांबाला बोल नको."
दारात परत वळल्या. "काय म्हणालीस नाव? लाची?"
"लाची."
"गोड आहे. लाडू मागतोय असं वाटतं."

शनि., ३१ मे
आं.ला सर्दी, मग ताप, मग हॉस्पिटल. आता परत आश्रमात. कमी बोलतो. विचारतो, "लिहिलंत?" मी नाही म्हणते. "बरं," म्हणतो. घाई करत नाही. मलाच घाई आहे.

मंगळ., १० जून
वटपौर्णिमा.
ईराने अर्धी रजा घेऊन आं.ला आणलं. चौथ्या मजल्याची खिडकी बंद, फ्लॅट रिकामा. म्हणून पहिल्यांदाच तो खाली होता. खुर्ची चाफ्याच्या सावलीत. बायका त्याला ओळखत होत्या, पण त्याच्यासमोर जरा बुजल्या. वैशाली म्हणाली, "अंकल, आम्ही तुमचं झाड दर वर्षी खराब करतो."
"करा, करा."
अर्ध्याअधिक जणी कॉन्डो सोडून गेलेल्या. पुंगोल, वुडलँड्सहून एमआरटीने आल्या, नथ पर्समध्ये ठेवून. एकीने स्टेशनच्या काचेत बघून घातली म्हणे.
मंदाताई अप्पा गेल्यापासून बाजूला ताट धरून उभ्या राहतात. विधवेने बांधायचं नसतं. कोणी त्यांना तसं म्हटलं नाही, त्यांनीच ठरवलं. आज सगळ्यांचे फेरे झाल्यावर त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि दोऱ्याचं रीळ उचललं.
कुजबुज. वैशाली पुढे आली, "मंदाताई, अहो..."
"मी वडाला नाही चालले. या माणसाच्या भावाला चालले. भावाला चालतं."
कोणाला कळलं नाही. विचारायची हिंमतही नव्हती. त्या फिरू लागल्या, हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवत. प्रत्येक फेऱ्याला आं.समोरून जायच्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो खुर्चीतून उठायला लागला. ईराने धरलं. उभा राहिला, त्या संपेपर्यंत. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण त्याला कळलं.
मंदाताईंनी गाठ मारली, कुंकवाचं बोट वर नेलं. ताऱ्यापर्यंत पोचलं नाही. लागलं तिथे लावलं.
मी ताट धरून उभी. कोणीतरी धरायला हवंच होतं.

बुध., ११ जून
एका बैठकीत लिहून झालं. पाठवलं. मूळ इंग्रजीत. इथे मराठीत, माझ्यासाठी:
"हे झाड नाही. पाटीवर तसं लिहिलं आहे, कारण तेव्हा झाड हवं होतं. शिल्पकाराच्या भावाला कुठे ठेवलं हे घरच्यांना कधी कळलं नाही. हा खांब त्याच्यासाठी आहे. याच्याखाली कोणीही नाही. या आवारातल्या मराठी बायका हे झाड समजून दर ज्येष्ठात आपल्या माणसांच्या आयुष्यासाठी याला दोरा बांधत आल्या. शिल्पकार वरून बघत असे. त्याने त्यांना थांबवलं नाही. गुलाबी रंग मूळचा नाही. धुऊ नये."
शंभर शब्द झाले का, पाहिलं नाही. विशेषण बहुतेक एकच राहिलं, गुलाबी. त्याला इलाज नाही.

शुक्र., १३ जून
मिस लिम. फोनवर. "आंटी, हे थडगं आहे की नाही?"
"आत कोणी नाही."
"पण आहे कोणासाठी तरी."
"हो."
"तुम्ही मला अडचणीत टाकलंत." मग आवाज खाली आणून, "माझ्या पोपोला, आजीला, मी काल वाचून दाखवलं. ती रडली. पण पोपो कमिटीत नाही ना."
कमिटीसमोर ठेवते म्हणाली. शब्द बदलणार नाही म्हणाली.

रवि., २९ जून
आं.ला मजकूर वाचून दाखवला. "गुलाबी रंग मूळचा नाही," हे पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "पाडतील याला."
"शक्य आहे."
"चालेल." हात चादरीवर पालथा पडलेला. "पाटीपेक्षा बरं लिहिलंत."

गुरु., १७ जुलै
कमिटीचं ठरलं नाही. दोन बाजू पडल्यात. पण जमीन मोकळी करायचीच आहे, म्हणून निर्णय होईपर्यंत तो काढून कुठेतरी गोदामात ठेवणार. मिस लिमचा मेसेज. शेवटी हात जोडलेला इमोजी.

मंगळ., २२ जुलै
सकाळी दोन कामगार. एक खांबाशी टोक धरून बसला, दुसरा प्लास्टिक फिल्मचं रीळ घेऊन खांबाभोवती फिरू लागला. दोरा काढला नव्हता, त्याच्यावरूनच. आमच्या बायका जातात त्याच दिशेने, गवतातल्या त्याच कड्यावरून. मंदाताई वरून खिडकीतून: "अरे, खाली सैल आहे! और एक राउंड!" त्याने वर पाहिलं, हसला, आणखी एक फेरा घातला.
मग यंत्राने बुंध्याशी कापलं. क्रेनने उचलून ट्रकवर आडवं ठेवलं. मी विचारलं, गोदामात, आणि मग? ड्रायव्हर म्हणाला, "डोंट नो, आंटी. स्टोअर फर्स्ट."
दुपारी आं.कडे. डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलाय.
"आडवं नेलं?"
"हो."
"किती वर्षं उभा होता." चादर वर ओढली. "दमला असेल. झोपू दे थोडा."
मग डोळे उघडून, "उभा कधी करणार?"
"कळवतील."

रवि., २७ जुलै
कळवलं नाही.
दूध आणायला खाली गेले. खांबाच्या जागी खड्डा, भोवती केशरी जाळी. कडं तसंच आहे, गवत अजून आलेलं नाही. गेटकडे जायला उजवीकडून जवळ पडतं. तरी बायकांच्या कड्यावरून, खड्डा उजव्या हाताला ठेवून गेले. परत येतानाही.